माती आणि उतार पाहून रान कसं वाचायचं: बेळगाव भागातल्या नवशिक्यांसाठी

मार्च सरत आला की बेळगावहून गोकाककडे जाताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. सखल शेताच्या कडेला पळस लालभडक फुललेला असतो. त्यामागच्या टेकडीच्या उतारावर पानं झडलेल्या राखी खोडांची दाटी असते, आणि माथ्यावर नुसतं वाळलेलं गवत नि एखादं खुरटं झुडूप. मधलं अंतर अर्ध्या किलोमीटरचंही नसतं. पाऊस तिन्ही ठिकाणी सारखाच पडलेला असतो, तरी झाडांनी जागा वाटून घेतलेल्या असतात.

या वाटणीमागचं कारण बहुतेक वेळा पायाखाली सापडतं. कोरड्या पानगळी रानात सगळा प्रश्न पाण्याचा असतो. जून ते सप्टेंबर पडलेलं पाणी मुळांना नोव्हेंबरपर्यंत पुरतं, फेब्रुवारीपर्यंत पुरतं, की थेट मेपर्यंत? माती किती खोल, किती चिकण, उतार केवढा, त्याचं तोंड कुठल्या दिशेला, खाली खडक कसला, हे सगळं शेवटी या एकाच हिशोबात येऊन मिळतं. तो हिशोब जागेवर उभं राहून कसा मांडायचा, ते इथं क्रमानं सांगतो. वनस्पतिशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही. दहा-पंधरा झाडं ओळखता आली की सुरुवात होते, आणि आपल्या भागातल्या माणसाला तेवढी येतातच.

पहिली पायरी: पाऊस आधी वेगळा काढा

आपल्या जिल्ह्यात पावसाची उतरंड फार तीव्र आहे. कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस हजारांत मोजावा लागतो, बेळगाव शहरात साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पडतो, आणि गोकाक-अथणीकडे तो ५०० ते ६०० च्या आसपास येतो. सह्याद्रीच्या कण्यापासून पूर्वेला शंभरेक किलोमीटर गेलं की सदाहरित रान संपून काटेरी रान लागतं. म्हणून खानापूरच्या एका टेकडीची सौंदत्तीच्या टेकडीशी तुलना करून ‘मातीमुळे फरक पडला’ असं म्हणता येत नाही. तिथं पावसानंच फरक पाडलेला असतो.

मातीचा आणि उताराचा हात बघायचा असेल तर एकाच पावसाच्या पट्ट्यातल्या, शक्यतो एकमेकांना लागून असलेल्या दोन-तीन जागा निवडा. एकच टेकडी, तिचा माथा, मधला उतार आणि पायथ्याचा ओढा, एवढं पहिल्या दिवसाला भरपूर आहे. वंटमुरी घाटाचा परिसर, निपाणीजवळच्या तवंदीच्या टेकड्या, हिडकल धरणाभोवतीचे डोंगर, सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर, यांपैकी जे जवळ असेल ते चालेल.

परवानगीचं आधीच बघून ठेवा. राखीव रानात आणि खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यासारख्या ठिकाणी वनखात्याला विचारल्याशिवाय शिरायचं नाही. शिकायला तशी गरजही नसते. गावचं गायरान, रस्त्याच्या कडेची टेकडी, पाहुण्यांच्या शेताच्या वरचा माळ, एवढ्यावर पहिलं वर्ष सहज निघतं.

बरोबर काय घ्यायचं

शिंप्याची मोजपट्टी, वीस मीटर दोरी, एक लहान पहार किंवा खुरपं, रुंद तोंडाची काचेची बरणी, पाण्याची बाटली, दोन लिंबं, वही आणि पेन्सिल. पेन घामानं पसरतं, म्हणून पेन्सिलच. दिशा आणि उतार मोबाइलवर कळतो. सकाळी लवकर निघा, अकरानंतर माळावर उभं राहवत नाही. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं असतात, तिथं धूर, अत्तर आणि आरडाओरडा तिन्ही टाळा.

दुसरी पायरी: कापलेली जमीन शोधा

जमीन वरून बघून फारसं काही कळत नाही. तिचं पोट दिसायला हवं, आणि त्यासाठी कुठं खणायला नको. रस्ता रुंद करताना कापलेली दरड, नवी विहीर, खानापूर भागातली चिरेखाण, ओढ्यानं खाल्लेला काठ, सगळीकडे जमीन आयतीच उघडी पडलेली असते.

घाटातल्या एखाद्या दरडीसमोर दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. सगळ्यात वर वीतभर गडद माती असते, तिच्यात गवताच्या मुळ्यांचं जाळं. त्याखाली पिवळसर-तपकिरी मुरूम, नखानं उकरला तर सुटतो असा. मुरमात मध्येच गोल धोंडे बसलेले दिसतात, आणि त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात. हा कुजत चाललेला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. आता मूळ शोधा. एखादं मनगटाएवढं मूळ वरून येतं, मुरमात हात-दोन हात सरळ उतरतं, धोंड्यापाशी थबकतं, मग दोन धोंड्यांमधल्या फटीत पट्टीसारखं चपटं होऊन आत शिरतं आणि खाली जातं. वरची माती वीतभर आणि झाड चाळीस फूट, हे कोडं तिथं सुटतं. झाड मुरमातल्या आणि फटींतल्या पाण्यावर जगत असतं. म्हणून मातीची खोली मोजताना ‘माती संपली’ यापेक्षा ‘मुळं कुठं थांबली’ ते लिहून ठेवा.

खडक कुठला हेही इथंच कळतं. निपाणी, चिक्कोडी, अथणी हा लाव्ह्याचा, म्हणजे बेसॉल्टचा मुलूख. हा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडे त्याहून कितीतरी जुना वाळूखडक आणि गारेसारखा कठीण क्वार्ट्झाइट येतो. गोकाकच्या धबधब्यात घटप्रभा जिथून सुमारे ५२ मीटर खाली झेपावते तो कडा याच वाळूखडकाचा आहे. बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापूर भागात बऱ्याच माथ्यांवर जांभा दगडाचं कवच आहे. एका जिल्ह्यात तीन वेगवेगळे पाये मिळतात, ते शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडतं.

तिसरी पायरी: माती हातात घ्या

आपल्याकडे मातीला नावं आहेतच. काळी, तांबडी, मुरमाड, चुनखडीची, जांभ्याची. कानडी शेजारी काळीला ‘एरे’ आणि तांबडीला ‘मसारी’ म्हणतात, आणि सीमेवरच्या गावांत मराठी घरांतही मसारी हा शब्द सर्रास चालतो. ही नावं वहीत जशीच्या तशी लिहा, कारण शेतकऱ्यानं दिलेल्या नावात पाणी, निचरा, पीक सगळं आलेलं असतं.

मग स्वतः तपासा. मूठभर माती ओली करून मळा आणि तळव्यावर वळी करा. वळी होतच नसेल तर माती वाळूची. वळी होते पण वाकवली की तुटते, तर पोयट्याची. वाकवून बांगडी झाली तर चिकण. शंका असेल तर बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांची पावडर घालून खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात बसते, गाळ दोन-तीन तासांत, आणि चिकण कणांनी गढूळ झालेलं पाणी निवळायला दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. थरांची जाडी पट्टीनं मोजा. पांढरे खडे दिसले तर एखादा कुटून त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर चुनखडी. ही खूण पुढं सागाच्या बाबतीत उपयोगी पडेल.

शेवटी पहार. उतारावर दर वीस पावलांवर पहार दोन-तीनदा मारून बघा, किती खोल जाते आणि आवाज कसा येतो. खणखणीत वाजली की कातळ. ही खोली सेंटिमीटरमध्ये लिहा. सगळ्या तपासण्यांत ही सगळ्यात साधी, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. पण पहार फक्त गावच्या गायरानात किंवा मालकाला विचारून त्याच्या जमिनीत मारा. राखीव रानात मातीला हात लावायचा नाही.

काळ्या मातीबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण नवा माणूस इथं हमखास चुकतो. काळी जमीन सुपीक, मग तिथं झाडंही जास्त हवीत, असं वाटतं. प्रत्यक्षात अथणी-रामदुर्गकडच्या काळ्या सपाटीवर झाडं विरळ असतात. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो, आणि भेग पडताना बारीक मुळं तुटतात. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, पाणी साचून मुळं गुदमरतात. शिवाय ती पाणी धरून ठेवते खरी, पण इतकं घट्ट धरते की त्यातलं बरंच मुळांना सुटत नाही. पाऊस जिथं ५०० मिलिमीटरच, तिथं ते पाणी वरच्या थरातच अडकतं आणि उन्हानं उडून जातं. शाळू आणि हरभऱ्याला तेवढी ओल पुरते, कारण त्यांचं चार महिन्यांत आटोपतं. झाडाला बारा महिने काढायचे असतात.

तोच ५०० मिलिमीटर पाऊस शेजारच्या वाळूखडकाच्या भरड मातीत पडला तर पटकन खाली उतरतो, ऊन पोचत नाही तिथं, फटींमध्ये जाऊन राहतो. त्यामुळे कोरड्या मुलखात ‘हलकी’ समजली जाणारी जमीन झाडांना बरेचदा जास्त मानवते. ओल्या मुलखात हे गणित उलटतं. हे एकदा मनात बसलं की अर्धं काम झालं.

चौथी पायरी: ओढ्यापासून माथ्यापर्यंत चाला

आता खरं रान. ओढ्यात उभे राहा आणि पाण्याच्या वाटेनं नव्हे, सरळ चढ धरून माथ्याकडे निघा. वाटेत काय काय बदलतं ते लिहीत जा.

ओढ्याच्या काठाला करंज, जांभूळ, उंबर, निर्गुडी, आणि पांढुरक्या गुळगुळीत खोडाचा अर्जुन भेटतो. एप्रिलात सगळी टेकडी वाळून गेली असताना एवढी एकच रेघ हिरवी असते. या झाडांची मुळं भूजलाला पोचलेली असतात. कानडीत ऐनाला ‘मत्ती’ म्हणतात आणि अर्जुनाला ‘होळेमत्ती’, होळे म्हणजे नदी. नदीकाठचा ऐन. दोन्ही एकाच कुळातली झाडं, आणि जागेतला फरक गावकऱ्यांनी नावातच घालून ठेवलाय. मला हे नाव फार आवडतं. मुलांना रान दाखवताना मी इथूनच सुरुवात करतो.

ओढा सोडून वर आलं की सखल, गाळाची, चिकण जमीन लागते. इथं बाभूळ आणि पळस. दोघंही पावसाळ्यात पाय पाण्यात बुडाले तरी तग धरतात आणि उन्हाळ्यात भेगाळलेली जमीनही सोसतात. पळसाला थोडा खार आणि चुनखडीही चालते. पळसांची सलग दाटी दिसली तर तिथं वळीची परीक्षा जरूर करा, बहुतेक वेळा बांगडी होईल. जरा कोरड्या माळाकडे बाभळीच्या जागी हिवर येतो. कानडीत बाभळीला ‘करीजाली’, काळी जाली, आणि हिवराला ‘बिळीजाली’, पांढरी जाली म्हणतात. हिवराची पांढरट-पिवळी साल बघितली की नाव पटतं.

पायथ्याचा उतार सुरू होतो तिथं वरून वाहून आलेली माती साठलेली असते. टेकडीवरची सगळ्यात चांगली जागा हीच: खोल, बऱ्यापैकी चिकण, पण उतारामुळे पाणी साचत नाही. ऐन इथं सरळसोट वाढतो. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी तडकलेली असते, लांबूनही चुकत नाही. पाऊस जरा बरा असेल तर बिबळा, शिसव, हेदू, बोंडारा हेही इथं दिसतात. टेंभुर्णीही असते, पण ती वरपर्यंत सगळीकडे भेटते, त्यामुळे तिच्यावरून जागा ओळखायला जाऊ नका.

मध्यावर उतार उभा होतो. पाणी थांबत नाही, मातीही थांबत नाही. मुरूम उघडा पडतो. इथं धावड्याचं राज्य सुरू होतं. गुळगुळीत राखी-पांढरं खोड, थंडीत तांबूस होणारी पानं. कानडीत ‘दिंडल’. उथळ पण निचऱ्याच्या जमिनीत धावडा एकटा-दुकटा नसतो, सगळ्या उतारावर पसरलेला असतो. पूर्वेच्या कोरड्या भागात याच जागी खैर, मेडशिंगी, बहावा, चंदन आणि कानडीत ‘तुग्गली’ म्हणतात ते बारीक पानांचं, पाठीत वाकलेलं झाड दिसतं. चंदन दिसलं तर त्याची जागा कुणाला सांगत बसू नका आणि वहीत नेमकं ठिकाण लिहू नका. चोर त्याच माहितीच्या शोधात असतात.

माथ्याखालच्या कातळात माती नावालाच उरते. तिथं कांडोळ किंवा सालई सापडली तर थांबून नीट बघा. कांडोळाचं खोड पांढरंशुभ्र, कागदी पापुद्र्यांचं, रात्री भुतासारखं दिसतं म्हणून काही ठिकाणी त्याला ‘भुत्या’ म्हणतात. त्याची मुळं वितळल्यासारखी खडकावरून ओघळून फटींत शिरलेली असतात. सालईचीही साल सोलटते, आणि खरचटली की सुवासिक डिंक येतो. दोघांचं लाकूड मऊ आणि हलकं. ही झाडं पानं लवकर टाकतात आणि खोडात साठवलेल्या पाण्यावर कोरडे महिने काढतात. धावड्याचा मार्ग वेगळा. त्याचं लाकूड लोखंडासारखं कठीण, ते सुकत गेलं तरी आतल्या नळ्या बंद पडत नाहीत. एकाच उन्हाळ्याला दोन झाडांनी काढलेली ही दोन उत्तरं आहेत, आणि मातीची खोली वीतभरानं बदलली की एकाची जागा दुसरा घेतो.

माती झाडं वाटते ही काही माझी एकट्याची समजूत नाही. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली केलेलं भारतातल्या रानांचं वर्गीकरण आजही वापरात आहे. त्यात कोरड्या पानगळी रानाखाली केवळ जमिनीमुळे घडलेले प्रकार वेगळे काढलेत: सालईचं रान, बाभळीचं रान, अंजनाचं रान, पळसाचं रान, जांभ्यावरचं काटेरी रान.

पाचवी पायरी: उताराचं तोंड बघा

बेळगाव साधारण १५.८५ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. मधल्या काळात तो किंचित उत्तरेला असतो, पण तेव्हा बहुतेक दिवस ढग आणि पाऊस. ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे नेमकी ओल संपत जाते त्या काळात, सूर्य दक्षिणेकडे असतो. म्हणून दक्षिणेकडे तोंड केलेले उतार आधी सुकतात. पश्चिमेकडचे दुपारच्या उन्हात भाजतात, आणि तोवर दवही उडून गेलेलं असतं. उत्तर-पूर्वेकडच्या उतारावर पानं आठवडा-दोन आठवडे जास्त टिकतात, झाडं दाट असतात, गवताखाली पालापाचोळा जास्त सापडतो.

पश्चिमेला, खानापूरकडे, एक अडचण येते: पश्चिमेचा उतार जास्त तापतो, पण पावसाळी वाराही त्याच बाजूनं येतो आणि पाऊस तिथंच जास्त पडतो. तिथं दिशेचा निष्कर्ष सावधपणे काढा. गोकाक-सौंदत्तीच्या बाजूला दिशेचा परिणाम स्वच्छ दिसतो. नवख्यानं तिथं शिकावं.

जांभा आणि साग

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या गायरानात आम्ही मंडळींनी मिळून सागाची रोपं लावली. पावसाळा चांगला झाला, रोपं गुडघ्याच्या वर गेली, आम्ही खूश होतो. दुसऱ्या उन्हाळ्यात बहुतेक वाळली. जी राहिली ती आजही माणसाएवढी खुरटी आहेत. खड्डे दीड-दोन फुटांचे होते, आणि त्याखाली जांभ्याचं कवच. खड्ड्यात शेणखताची माती भरली होती, त्यामुळे पहिलं वर्ष रोपं जणू कुंडीत वाढली. मूळ तळाशी टेकलं आणि खेळ संपला. तिथून पन्नास पावलांवर आवळा, कुंभा आणि काजरा आपले आपण उभे होते, आणि आमच्यापैकी एकानंही थांबून विचारलं नाही की इथं हीच झाडं का. त्या वाळलेल्या रोपांचं मला अजून वाईट वाटतं. हा लेख लिहिण्यामागं तेही एक कारण आहे.

जांभा हजारो-लाखो वर्षांच्या पावसानं धुऊन तयार होतो. त्यातला चुना आणि सिलिका निघून जातात, लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. पठारावर या कवचावर माती बोटभर. पावसाळ्यात पाणी साचतं, दिवाळीनंतर सगळं खडखडीत. म्हणून जांभ्याच्या सड्यावर गवत आणि चार दिवसांची फुलं, आणि झाडं फक्त फटींत. करवंद, कुंभा, आवळा, काजरा. कवच तुटून माती जमली आहे अशा कडांना पश्चिमेच्या ओल्या भागात किंजळ आणि जांभा येतात. जांभा हे झाडाचंही नाव आहे, सुरिया किंवा येरूल म्हणतात तेच. दगड जांभा आणि त्यावर झाडही जांभा, त्यामुळे गावात विचारताना ‘दगड की झाड’ हे स्पष्ट करून घ्या.

सागाला याच्या अगदी उलट हवं असतं. खोल जमीन, चांगला निचरा आणि मातीत चुना. बेसॉल्टच्या मुरमाड उतारावर हे तिन्ही मिळतं, म्हणून तिथं साग फोफावतो. चिकण काळ्यात निचरा नसल्यानं तो रडतो, आणि जांभ्यावर चुना नि खोली दोन्ही नसल्यानं खुंटतो. नागरगाळी-लोंढा भागात साग नैसर्गिक आहे आणि लावलेलाही आहे. राखीव रानाबाहेर दोन्ही शेजारी-शेजारी बघायला मिळाले तर मालकाला विचारून लिंबू आणि पहार घेऊन जरूर तपासा.

सहावी पायरी: मोजा आणि लिहा

नुसतं बघून आलेलं आठवड्यात विसरतं, आणि आपल्याला वाटतं तसंच आपल्याला दिसायला लागतं. मोजणी त्यासाठी. ओढा, पायथा, मधला उतार, माथा अशा चार जागी दोरीनं दहा बाय दहा मीटरचा चौकोन टाका. चौकोनातल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर, मोजपट्टीनं घ्या. ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेराची झाडं मोजा, बाकीची फक्त नावानं लिहा. व्यास हवा असेल तर घेराला ३.१४ नं भागा. उतारावर मोजताना झाडाच्या वरच्या बाजूला उभं राहायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर प्रत्येक जण वेगळं मोजतो.

प्रत्येक चौकोनाला वहीचं एक पान. वरती: खडक, मातीचं गावातलं नाव, वळीचा निकाल, पहारीची खोली, उतार अंशांत, तोंडाची दिशा, लिंबाचा निकाल. खाली झाडं आणि घेर. नाव येत नसेल तर पान, साल आणि फळाचा फोटो काढून ‘अनोळखी १’ असं लिहा. अंदाजानं नाव टाकू नका. चुकीचं नाव पुढच्या सगळ्या निष्कर्षांत शिरतं.

वारूळ दिसलं तर त्याचीही नोंद करा. वाळवी खालची बारीक माती वर आणते, त्यामुळे खडकाळ उतारावरही वारुळाजवळची माती चिकण आणि कसदार असते. मुरमाड उतारावर एखादंच ऐनाचं झाड ‘चुकीच्या’ जागी उभं दिसलं तर त्याच्या बुडाशी जुनं वारूळ आहे का बघा.

सातवी पायरी: माणसाचा हात ओळखा

सगळं काही माती ठरवत नाही. माथा बोडका असण्याचं कारण उथळ माती असू शकतं, तसंच वर्षानुवर्षं लावलेली आग, शेळ्या आणि कोयता हेही असू शकतं. खुंटाला पाच-सहा सारख्या जाडीचे फुटवे दिसले तर ते झाड तोडलं गेलंय. बुंध्याच्या एकाच बाजूला काळं पडलेलं असेल तर आग. सरळ ओळीत, एका वयाची निलगिरी किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ असेल तर ती लावलेली आहे, तिच्यावरून जमिनीबद्दल काहीही ठरवू नका. घाणेरी आणि वेडी बाभूळ मोकळीक मिळेल तिथं शिरतात.

याची पडताळणी करायची चांगली जागा म्हणजे देवाचं रान. जिथं पिढ्यान् पिढ्या कुऱ्हाड लागली नाही तिथलं रान आणि शेजारच्या माळावरचं रान, दोन्हीकडे पहारीची खोली तपासा. खोली सारखीच निघाली आणि झाडं वेगळी असली, तर फरक माणसानं केलेला आहे. खोलीच वेगळी निघाली, तर आधी देवानं जागा चांगली निवडली की झाडांनी माती राखली हा प्रश्न उरतो, आणि त्यासाठी गावातल्या जाणत्या माणसांशी बोलावं लागतं. बोलायला धनगर सगळ्यात उत्तम. बकऱ्यांमागं वर्षभर त्याच टेकड्या तुडवणाऱ्या माणसाला कुठला उतार आधी वाळतो आणि कुठल्या खबदाडात मेमध्येही ओल असते हे तोंडपाठ असतं. मराठीत विचारा, कानडीत विचारा, तो दोन्हीत सांगेल. सोबत बसून चहा घ्या, घाई करू नका.

पहिली फेरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा. तेव्हा पानं असतात, झाडं ओळखता येतात, चौकोन टाकायला सोपं जातं. मग त्याच चार चौकोनांत फेब्रुवारीअखेर आणि मेच्या मध्यावर पुन्हा जा. फेब्रुवारीत कुठल्या झाडानं पानं टाकली आणि कुठल्यानं नाही, ते चौकोनवार लिहा. मेमध्ये अजून वळीव झाला नसेल तर आणखी चांगलं: त्या दिवशी जे झाड हिरवं आहे किंवा पावसाआधीच नवी पालवी काढतंय, त्याच्या मुळाशी पाणी उरलेलं आहे. ऑक्टोबरातल्या पहारीच्या खोलीचा रकाना आणि मेमधल्या हिरव्या झाडांचा रकाना शेजारी-शेजारी ठेवून बघा. दोन्ही जिथं जुळत नाहीत, तिथं पुढच्या वर्षी पहिल्यांदा जायचं.